दरवर्षीचे अप्पूघर

१. प्रस्तावना

वर्षातून एकदा कुलदैवताला जाणे, गावच्या जत्रेला न चुकता हजर राहणे, दिवाळीत ठरावीक नातलगांकडे फराळाला जाणे, अशा रीती बहुतेक कुटुंबांत असतात. त्या कोणी लिहून ठेवलेल्या नसतात. तरीही त्यांपैकी एखादी मोडली, तर घरातील लहानथोरांना चुकल्यासारखे वाटते. पोटापाण्यासाठी गाव सोडून दूरच्या शहरात गेलेल्या कुटुंबांचे मात्र काय होते? जत्रेची तिथी येते आणि जाते. रजा मिळत नाही, प्रवासाचा खर्च झेपत नाही. मग अशी कुटुंबे शहरातच आपली एखादी जत्रा शोधतात आणि दरवर्षी तिथे जाऊ लागतात.

दिल्लीत अशा असंख्य कुटुंबांची जत्रा म्हणजे अप्पूघर. प्रस्तुत पाठात या उद्यानाचा इतिहास आणि एका मराठी कुटुंबाची तेथील वार्षिक फेरी यांची माहिती आली आहे. उद्यानाविषयीच्या घटना व तारखा प्रत्यक्षातील आहेत. कुटुंब मात्र विषय समजावा म्हणून कल्पिलेले आहे; म्हणून त्यातील माणसांना नावे न देता केवळ नात्यांनी ओळखले आहे.

२. उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• कौटुंबिक परंपरा कशी निर्माण होते व कशी टिकते, हे सांगता येईल;
• दिल्लीतील अप्पूघराचा इतिहास थोडक्यात लिहिता येईल;
• आकाशपाळणा व झुलती नौका यांमागील साधे शास्त्र स्पष्ट करता येईल;
• रीतिकाळातील वाक्ये ओळखता येतील व त्यांचा लेखनात वापर करता येईल.

३. मूळ पाठ

३.१ रहाटपाळण्यापासून आकाशपाळण्यापर्यंत

महाराष्ट्रातील जत्रा डोळ्यांसमोर आणा. देवळाबाहेर नारळ-उदबत्तीची दुकाने, रेवड्या आणि भेंडबत्ताशांचे ढीग, बांगड्यांच्या राशी आणि या सर्वांच्या पलीकडे, मोकळ्या माळावर, पाळणे. पूर्वी हा पाळणा लाकडाचा असे. चार पेट्या, मधोमध एक आस आणि हातांनी तो फिरवणारे दोन गडी. विहिरीच्या रहाटासारखा तो फिरतो, म्हणून त्याला रहाटपाळणा असे नाव पडले. देवदर्शन झाले की मुले आईबापांचा हात ओढत तिकडे नेत. कुलदैवताचे दर्शन वडिलांसाठी आणि पाळणा मुलांसाठी, अशी जत्रेची विभागणीच असे. दोन्हींमुळे सारे घर एकाच दिवशी एकाच ठिकाणी जमत असे.

याच पाळण्याला पोलादाची जोड मिळाली, तेव्हा त्याचे रूप पालटले. १८९३ साली अमेरिकेतील शिकागो शहरात भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी जॉर्ज फेरिस या अभियंत्याने २६४ फूट उंचीचा पाळणा उभारला. त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात साठ माणसे मावत असत. आज आपण ज्याला आकाशपाळणा म्हणतो, त्याचा हा पूर्वज होय.

एवढ्या उंचीवर डबा उलटत का नाही, असा प्रश्न पाळण्याकडे पाहताना मनात येतो. याचे उत्तर सोपे आहे. डबा चाकाला घट्ट ठोकलेला नसतो. तो वरच्या बाजूने टांगलेला असतो. त्याचे वजन टांगलेल्या जागेच्या खाली असते. त्यामुळे चाक कसेही फिरले, तरी डब्याचा तळ जमिनीच्या दिशेलाच राहतो. पाण्याची बादली कडी धरून उचलली असता सरळ राहते, तसेच हे आहे.

माणसांनी केवळ करमणुकीसाठी एकत्र यावे, म्हणून कायमची उद्याने उभारण्याची कल्पनाही जुनीच आहे. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील टिव्होली हे उद्यान १८४३ साली सुरू झाले. १७ जुलै १९५५ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात डिस्नेलँड उघडले. त्याचे निर्माते वॉल्ट डिस्ने यांनी या उद्यानामागची एक साधी आठवण सांगितली आहे. ते आपल्या मुलींना फिरत्या घोड्यांच्या चक्रीवर बसवण्यासाठी नेत असत. मुली चक्रीवर आणि आपण बाकावर बसलेलो, हे पाहून त्यांच्या मनात आले की, पालक आणि मुले या दोघांनाही एकत्र आनंद घेता येईल अशी जागा असली पाहिजे. आपल्या जत्रेने हे फार पूर्वीच ओळखले होते.

३.२ अप्पू आणि अप्पूघर

१९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर १९८२ या काळात दिल्लीत नववे आशियाई क्रीडासामने भरले. त्यांचे बोधचिन्ह होते 'अप्पू' नावाचे हत्तीचे पिल्लू. त्याच वर्षी दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झालेले असल्यामुळे अप्पू देशभर घरोघरी पोहोचला. सामने संपले, तरी तो मुलांच्या मनातून गेला नाही.

दोन वर्षांनी त्याच्याच नावाने दिल्लीच्या प्रगती मैदानात अप्पूघर सुरू झाले. उद्घाटनाचा दिवस होता १९ नोव्हेंबर १९८४. पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते ते झाले. दिल्लीसाठी तो काळ अत्यंत दुःखाचा होता. ३१ ऑक्टोबर रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या झाली होती आणि त्यानंतरच्या दिवसांत शहरातील शीख बांधवांवर भीषण अत्याचार झाले होते. १९ नोव्हेंबर हा इंदिराजींचा जन्मदिवस. शहराच्या जखमा ओल्या असतानाच मुलांसाठी हे दार उघडले.

भारतातील पहिले मोठे करमणूक उद्यान म्हणून अप्पूघर ओळखले जाऊ लागले. सुमारे पंधरा एकर जागेत पसरलेल्या या उद्यानात आकाशपाळणा होता, एकमेकींवर आदळणाऱ्या छोट्या मोटारी होत्या आणि 'कोलंबस' नावाची प्रचंड झुलती नौका होती. दिल्लीच्या शाळांच्या सहली तेथे येत. हिवाळ्यात ऊन पडले की हिरवळीवर कुटुंबेच्या कुटुंबे पथाऱ्या पसरून बसत.

कोलंबस नौकेत बसलेला प्रत्येक जण हटकून एकच गोष्ट सांगत असे: पोटात गोळा आला! मराठीतील हा वाक्प्रचार भीतीसाठी वापरला जातो. पण येथे तो अक्षरशः खरा ठरतो. नौका घड्याळाच्या लंबकाप्रमाणे झुलते. ती वरच्या टोकाला जाऊन परत खाली येऊ लागते, तेव्हा आपले आसन आणि आपण, दोघेही एकाच वेळी खाली येत असतो. आसनाचा आपल्याला मिळणारा आधार क्षणभर कमी होतो. शरीराला हलके वाटते, पोटातील अवयवांनाही नेहमीचा आधार जाणवत नाही, आणि गोळा आल्याचा भास होतो. शास्त्र एवढेच आहे. ते समजले तरी गोळा यायचा राहत नाही, ही गोष्ट वेगळी.

पाठगत प्रश्न १

(अ) रहाटपाळणा हे नाव कशावरून पडले?
(आ) अप्पूघराचे उद्घाटन केव्हा झाले?
(इ) आकाशपाळण्याचा डबा उलटत का नाही?

३.३ एका कुटुंबाची फेरी

आता एका कुटुंबाची कल्पना करू या. सातारा जिल्ह्यातील एक तरुण १९६४ साली केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून म्हणून दिल्लीला आला. पुढे त्याचे लग्न झाले, सरोजिनीनगरात दोन खोल्यांचे सरकारी घर मिळाले, एक मुलगी आणि एक मुलगा झाला. तोच या पाठातील आजोबा.

गावची जत्रा चैत्रात. कचेरीत मार्चअखेरचे हिशेब त्याच सुमारास. रजेचा अर्ज दिला, की तो परत येई. चारपाच वर्षांनी अर्ज देणेही थांबले. आजी दर चैत्रात देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवून गावाच्या दिशेने हात जोडत असे.

१९८५ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, आजोबा मुलांना प्रथमच अप्पूघरात घेऊन गेले. मुलगी नऊ वर्षांची होती, मुलगा सहा वर्षांचा. घरून निघताना आजीने पितळी डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ बांधून घेतला. बसने सर्व जण प्रगती मैदानाला पोहोचले. आकाशपाळण्यात चौघे एकाच डब्यात बसले. परतताना मुलाने विचारले, "बाबा, पुढच्या वर्षी पण यायचं?" आजोबा म्हणाले, "बघू." परंपरेची सुरुवात पुष्कळदा अशा 'बघू'नेच होत असते.

दुसऱ्या वर्षीही ते गेले आणि तिसऱ्याही. हळूहळू त्या दिवसाचे नियम ठरत गेले. दिवस नाताळच्या सुट्टीतील रविवारचा. शिदोरी दशम्यांची. आरंभ आकाशपाळण्यापासून आणि तोही चौघांनी मिळून; त्यानंतर ज्याने त्याने आपल्या आवडीप्रमाणे बसावे. दुपारी हिरवळीवर जेवण. निघताना अप्पूच्या मूर्तीपाशी एक छायाचित्र. घरात दुधाच्या भुकटीचा एक रिकामा डबा होता; त्यात दरमहा पगाराच्या दिवशी थोडे पैसे टाकले जात. त्याला 'अप्पूचा डबा' असे नाव पडले.

१९९१ च्या पावसाळ्यात गावच्या घराची भिंत पडली. अप्पूच्या डब्यातील पैसे मनिऑर्डरने गावी गेले. डिसेंबर आला, तेव्हा मुले काही बोलली नाहीत. पण त्यांचे न बोलणेच आजोबांना सलत होते. रविवारी सकाळी त्यांनी आजीला दशम्या करायला सांगितले. सर्व जण बसने इंडिया गेटला गेले, हिरवळीवर बसले आणि भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगांचा एक पुडा चौघांत वाटून खाल्ला. संध्याकाळी थंडी वाढू लागली तेव्हा परतले. पुढे मुले मोठी झाली. अप्पूघरातली कोणती फेरी कोणत्या वर्षीची, हे त्यांना सांगता येईनासे झाले. अप्पूघरात न गेलेले ते एक वर्ष मात्र दोघांनाही स्पष्ट आठवत असे.

३.४ राहून गेलेले वर्ष

मुलीचे लग्न झाले आणि ती नोएडाला राहू लागली. मुलाने द्वारकेत घर घेतले. आईवडीलही त्याच्याकडे राहायला आले. फेरी मात्र चालूच राहिली. २००३ साली मुलीला मुलगा झाला आणि पुढच्याच हिवाळ्यात तोही आईच्या कडेवर बसून अप्पूघरात येऊन गेला.

२००७ च्या डिसेंबरात दिल्लीत दाट धुके होते आणि आजोबांना दम्याचा त्रास होत होता. मुलगा म्हणाला, "बाबा, यंदा राहू द्या. पुढच्या वर्षी जाऊ. अप्पूघर कुठं पळून जातंय?" सर्वांना ते पटले.

अप्पूघर पळून गेले नाही. ते बंद झाले. ती जागा सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारासाठी आणि मेट्रोच्या कामासाठी लागणार होती. १७ फेब्रुवारी २००८ हा उद्यानाचा शेवटचा दिवस ठरला. तेवीस वर्षांहून थोडा अधिक काळ ते चालले होते. आजोबांनी वर्तमानपत्रातील ती बातमी वाचली, वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते उशाशी ठेवले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात त्यांचे निधन झाले. 'पुढच्या वर्षी' हे दोन शब्द मुलाच्या मनात पुष्कळ दिवस टोचत राहिले.

पुढे त्या जागी सर्वोच्च न्यायालयाची नवी इमारत उभी राहिली. १७ जुलै २०१९ रोजी तिचे उद्घाटन झाले. जवळच्या मेट्रो स्थानकाचे नावही बदलले. पूर्वीचे 'प्रगती मैदान' स्थानक आज 'सर्वोच्च न्यायालय' या नावाने ओळखले जाते. द्वारकेहून नोएडाला मेट्रोने जाणारा प्रवासी या स्थानकावरूनच पुढे जातो. एके काळी येथे आकाशपाळणा फिरत असे, याची एखादी खूणही गाडीतून दिसत नाही.

पाठगत प्रश्न २

(अ) कुटुंबाला गावच्या जत्रेला जाता का येत नसे?
(आ) १९९१ साली कुटुंब कोठे गेले आणि का?
(इ) अप्पूघर का बंद झाले?

३.५ बाकावरचे बोलणे

अप्पूघर बंद होण्याच्या सुमारास दिल्लीत रोहिणी येथे आणि नोएडातही नवी करमणूक उद्याने उभी राहिली होती. २००९ च्या डिसेंबरात मुलगी म्हणाली, "आई, यंदा नव्या ठिकाणी जाऊ." सर्व जण एका नव्या उद्यानात गेले. पाळणे अधिक उंच होते, अधिक वेगवान होते. परंतु बाहेरचे खाणे आत नेण्यास मनाई होती. दारावरच्या माणसाने डबा उघडून पाहिला आणि मान हलवली. आजी म्हणाली, "मग इथेच खाऊ." भिंतीच्या कडेला, उभ्याउभ्याच सर्वांनी दशम्या खाल्ल्या.

आतही अडचण आली. मोठ्या पाळण्यापाशी उंचीची एक रेघ आखलेली होती. तेवढी उंची असेल तरच बसायचे. नातू चार बोटे कमी पडला. ही रेघ मुलांना हिणवण्यासाठी नसते. आसनाचा पट्टा आणि दांडा ठरावीक उंचीच्या शरीरालाच नीट धरून ठेवू शकतात, म्हणून ती आखलेली असते. पण सहा वर्षांच्या मुलाला हे कोण समजावणार? आई आणि मामा पाळण्यात गेले. नातू रुसून आजीजवळ बाकावर बसला.

थोड्या वेळाने त्याने विचारले, "आजी, तू बसायचीस का गं पाळण्यात?"

"बसायची की! तुझे आजोबा आणि मी एका बाजूला, समोर तुझी आई नि मामा. पाळणा वर गेला की मी डोळे घट्ट मिटून घ्यायची. मग ते मला सांगत बसायचे, 'हे बघ इंडिया गेट, हा बघ पुराना किल्ला.' मला काही दिसायचं नाही. पण दिल्ली मला कळली ती अशीच."

"म्हणजे आजोबांना पाळणा आवडायचा?"

"छे रे! त्यांना गरगरायचं." आजी हसली. मग जराशाने म्हणाली, "त्यांना काय आवडायचं, सांगू? त्या दिवशी ते हातातलं घड्याळ घरी काढून ठेवायचे. एरवी कचेरी, बस, रेशनची रांग. सारखं आपलं मनगटाकडे बघायचं. त्या एका दिवशी मात्र कुणी विचारलं, 'किती वाजले?' तर म्हणायचे, 'पोटाला विचार.'"

पाळण्यातून परतलेली मुलगी आणि मुलगा बाकामागे उभे राहून ऐकत होते. मुलगा म्हणाला, "आई, आम्हांला वाटायचं, बाबा घड्याळ विसरतात."

"दरवर्षी बरे विसरतील!" आजी म्हणाली.

३.६ परंपरा कशात असते?

त्या दिवशी घरी परतल्यावर कुटुंबाला एक गोष्ट उमगली. आपली परंपरा अप्पूघर ही नव्हतीच. अप्पूघर हे तिचे ठिकाण होते. ठिकाण गेले, तरी दिवस होता, शिदोरी होती, आरंभी सर्वांनी मिळून एक गोष्ट करण्याचा नियम होता. आणि घरात वर्षभर घड्याळाच्या काट्यावर चालणारा एक माणूस त्या दिवशी आपला सगळा वेळ इतरांना देत होता. हे शेवटचे कोणी नियम म्हणून सांगितले नव्हते. तोच खरा नियम होता.

पुढच्या वर्षापासून ठिकाण घरातील सर्वांत लहान व्यक्तीने निवडायचे, असे ठरले. नातवाने पहिल्यांदा चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय निवडले. १९७७ पासून चालू असलेल्या या संग्रहालयात जुनी इंजिने आहेत आणि मुलांना फिरवून आणणारी छोटी गाडीही आहे. त्या गाडीत आजीही बसली आणि या वेळी तिने डोळे मिटले नाहीत. एकदा सर्व जण पुराना किल्ल्याशेजारच्या प्राणिसंग्रहालयात गेले. २०१९ साली सराय काले खाँजवळ भंगारातून जगातील सात आश्चर्यांच्या प्रतिकृती उभारलेले उद्यान उघडले, तेव्हा ते पाहायला गेले. २०२० च्या डिसेंबरात महासाथीमुळे कोठेही जाता आले नाही. त्या रविवारी गच्चीवर सतरंजी अंथरून दशम्या खाल्ल्या. अप्पूचा डबा अजूनही घरात आहे. निघताना त्यात सर्वांचे मोबाइल ठेवले जातात. वाटेत अडचण येऊ शकते, म्हणून एक मात्र बरोबर घेतला जातो. तो आजीच्या पिशवीत असतो.

या कुटुंबाच्या अनुभवावरून काही गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, परंपरा पुनरावृत्तीने घडते. तीच वाट, तोच डबा, तोच विनोद पुन्हा पुन्हा आला, म्हणजे मुलांना पुढे काय होणार हे आधीच ठाऊक असते. आणि त्या ठाऊक असण्यातच त्यांचा अर्धा आनंद असतो. दुसरी, त्याच जागी दरवर्षी गेल्यामुळे जागा तशीच राहते आणि आपण किती बदललो ते दिसते. गेल्या वर्षी रेघेखाली असलेले मूल यंदा रेघेवर येते. तिसरी, परंपरेला पैसा लागतो, पण ती पैशावर उभी नसते. वर्षभर थोडे थोडे साठवून केलेली फेरी आनंद देते. कर्ज काढून केलेली फेरी परतल्यावर ओझे होते. इंडिया गेटच्या हिरवळीवरील शेंगांचा पुडा त्या मुलांना उगीच आठवत नव्हता.

आणि चौथी गोष्ट थोडी कठीण आहे. जागा बंद होतात, माणसे जातात. ज्याला 'पुढच्या वर्षी' म्हणून ठेवले, ते कधी कधी राहूनच जाते. त्या मुलाला याची खंत आजही वाटते आणि ती कोणत्याही नव्या उद्यानाने भरून निघालेली नाही. परंतु दर डिसेंबरात घड्याळ काढून ठेवताना तो वडिलांचेच काम पुढे नेत असतो. परंपरेने गेलेला माणूस परत येत नाही. त्याची एखादी सवय मात्र घरात राहते.

४. शब्दार्थ

शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले खाद्यपदार्थ
दशमी – दुधात पीठ भिजवून केलेली भाकरी किंवा पोळी. ती प्रवासात टिकते
आस – चाकाच्या मधोमध असलेला दांडा, ज्याभोवती चाक फिरते
बोधचिन्ह – एखाद्या संस्थेची किंवा सोहळ्याची ओळख सांगणारे चित्र
लंबक – टांगलेले व मागेपुढे झुलणारे वजन
पोटात गोळा येणे – अतिशय भीती वाटणे
घड्याळाच्या काट्यावर चालणे – वेळ काटेकोरपणे पाळणे

५. भाषाभ्यास : रीतिकाळ

पुढील दोन वाक्ये वाचा.

(१) आजोबांनी घड्याळ घरी ठेवले.
(२) आजोबा घड्याळ घरी ठेवीत असत.

पहिल्या वाक्यात क्रिया एकदा घडली आहे. हा साधा भूतकाळ होय. दुसऱ्या वाक्यात तीच क्रिया भूतकाळात वारंवार, नेमाने घडत होती. याला रीतिभूतकाळ म्हणतात. रीत म्हणजे वहिवाट. कुटुंबाची परंपरा सांगताना हा काळ आपोआप येतो.

रीतिभूतकाळ : ती दशम्या करीत असे.
रीतिवर्तमानकाळ : ती दशम्या करीत असते.
रीतिभविष्यकाळ : ती दशम्या करीत जाईल.

बोलताना 'करीत असे' याऐवजी 'करायची' असे रूप वापरले जाते. पाठातील आजीचे बोलणे पुन्हा वाचा. 'बसायची', 'ठेवायचे', 'म्हणायचे' ही सर्व रूपे रीतीच सांगतात. ग्रंथांच्या भाषेत 'अर्ज परत येई' यासारखे आखूड रूपही आढळते.

६. तुम्ही काय शिकलात

• गावापासून दूर राहणारी कुटुंबे शहरात नव्या परंपरा निर्माण करतात.
• अप्पूघर १९८४ ते २००८ या काळात दिल्लीत चालू होते.
• परंपरेचे ठिकाण बदलले, तरी तिचा गाभा टिकवता येतो.
• वारंवार घडणाऱ्या क्रियेसाठी रीतिकाळ वापरतात.

७. पाठान्त प्रश्न

१. जत्रा आणि करमणूक उद्यान यांतील साम्य व भेद पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. 'तोच खरा नियम होता', असे पाठात का म्हटले आहे? स्पष्ट करा.
३. झुलत्या नौकेत पोटात गोळा आल्यासारखे का वाटते?
४. पुढील वाक्ये रीतिभूतकाळात लिहा.
   (क) आजीने गावाच्या दिशेने हात जोडले.
   (ख) मुलांनी शेंगा वाटून खाल्ल्या.
   (ग) आम्ही हिरवळीवर बसलो.
५. तुमच्या घरात दरवर्षी न चुकता होणारी एक गोष्ट निवडा. ती कोणी सुरू केली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. त्यांच्याकडून कळलेली आणि तुम्हांला पूर्वी ठाऊक नसलेली एक तरी गोष्ट घेऊन दीडशे शब्दांत लेख लिहा. रीतिभूतकाळातील किमान पाच वाक्ये वापरा.

८. उत्तरे

पाठगत प्रश्न १
(अ) तो विहिरीच्या रहाटासारखा फिरतो म्हणून.
(आ) १९ नोव्हेंबर १९८४ रोजी.
(इ) डबा वरच्या बाजूने टांगलेला असतो व त्याचे वजन टांगलेल्या जागेच्या खाली असते.

पाठगत प्रश्न २
(अ) जत्रा चैत्रात असे व मार्चअखेरच्या हिशेबांमुळे त्या सुमारास रजा मिळत नसे.
(आ) इंडिया गेटला. कारण साठवलेले पैसे गावच्या घरासाठी पाठवावे लागले होते.
(इ) ती जागा सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारासाठी व मेट्रोच्या कामासाठी लागणार होती.

पाठान्त प्रश्न ४
(क) आजी गावाच्या दिशेने हात जोडत असे.
(ख) मुले शेंगा वाटून खात असत.
(ग) आम्ही हिरवळीवर बसत असू.